फोंड्यातील स्पीकिंगचा वर्ग आणि इंग्रजीतले ‘वगैरे’

गेल्या वर्षी मी आयईएलटीएस ही परदेशी जाऊ पाहणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा लिसनिंगमध्ये ८, रीडिंगमध्ये ७ आणि रायटिंग व स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ६.५ असे गुण मिळाले. एकूण बँड, म्हणजे श्रेणी, ७ आला म्हणून घरी पेढे आणले गेले आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे कागद वाचल्यावर ते जरा घाईने आणले गेले, असे लक्षात आले. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल एकूण ७ तर मागतेच, शिवाय बोलणे, ऐकणे आणि वाचणे या तिन्हींत स्वतंत्रपणे ७ मागते. थोडी सवलत आहे ती फक्त लेखनात, ६.५ ची. म्हणजे माझे घोडे बोलण्याच्या अर्ध्या बँडपाशी अडले होते. त्या अर्ध्या बँडसाठी मी गोव्यातील फोंड्याच्या एका वर्गात सहा आठवडे गेले आणि त्यानंतरच्या परीक्षेत स्पीकिंगला ७ मिळाले. तरीही वर्गाविषयी माझे मत सरळ कौतुकाचे नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

वर्ग वरच्या बाजारात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरतो. आठवड्याला चार दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात, अशी एकूण चोवीस सत्रे असतात आणि शुल्क ८,५०० रुपये आहे. दहा जणांची बॅच असे फलकावर लिहिलेले आहे. आम्ही सतरा जण होतो आणि खुर्च्या पंधरा होत्या. ड्यूटी संपवून पणजीहून येणारी बस बाणस्तारीच्या पुलापाशी रखडली की मला दारातल्या स्टुलावर बसावे लागे. हा वर्ग फक्त बोलण्याची तयारी करून घेतो आणि त्यातही ‘नैसर्गिक बोलणे’ हे आपले वैशिष्ट्य असल्याचे सांगतो. या नैसर्गिक बोलण्याचा अर्थ तेथे बहुतांशी मोघम बोलणे असा लावला जातो. ऐकणाऱ्याला जेवढे हवे तेवढेच सांगायचे, आकडे ढोबळ ठेवायचे, यादी अर्ध्यावर सोडून ‘अँड थिंग्ज लाइक दॅट’ म्हणायचे, शब्द आठवला नाही तर अडून न बसता त्याच्या आजूबाजूने जायचे, असे ते शिक्षण आहे. कल्पना चांगली आहे आणि माझ्यासारखीला तिची फार गरज होती.

ही गरज का होती, ते पहिल्याच दिवशी उघडे पडले. सरांनी प्रत्येकाची पाच मिनिटांची मुलाखत घेतली, ती फोनवर रेकॉर्ड केली आणि सर्वांसमोर ऐकवली. कामावर कशा जाता, या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे होते: सहा वाजून चाळीस मिनिटांनी घर सोडते, बसला बावन्न मिनिटे लागतात, बसथांब्यापासून रुग्णालयापर्यंत सहा मिनिटे चालते आणि सात चाळीसला पंचिंग करते. व्याकरणाची एकही चूक नव्हती. सरांनी रेकॉर्डिंग थांबवले आणि विचारले, “सिस्टर, तुम्ही माझ्याशी गप्पा मारताय की मला हँडओव्हर देताय?” हँडओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची रुग्णांची माहिती. सगळे हसले, मीही हसले, पण निदान अचूक होते. आमच्या कामात ‘थोडेसे पाणी प्याले’ असे चार्टवर लिहिले तर वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर पान परत करतात. किती मिली, किती वाजता, तोंडाने की सलाइनमधून, हे सारे लिहावे लागते. अकरा वर्षांची ती सवय मी परीक्षकासमोर घेऊन गेले होते. बस साधारण तासभर घेते, एवढेच त्याला हवे होते.

यात आमच्या शाळांचाही वाटा आहे, असे मला वाटते. गोव्यात माझ्या पिढीतील बहुतेक मराठी मुले चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यमात गेली. इंग्रजी आम्हाला पुस्तकातून मिळाले आणि पुस्तकातील इंग्रजीला प्रत्येक वाक्य पूर्ण करण्याची, प्रत्येक वस्तूला तिचे नाव देण्याची खोड असते. कोणी इंग्रजीत नुसते गप्पा मारताना आम्ही फारसे ऐकलेच नाही. माझ्याबरोबर बॅचमध्ये साखळीचा एक मुलगा होता. तो मराठीत बोलताना चार वाक्यांत तीनदा ‘वगैरे’ म्हणत असे आणि इंग्रजी सुरू झाले की एकदम विधानसभेत उभा असल्यासारखा बोलू लागे.

परीक्षेची रचना येथे थोडक्यात सांगते, कारण वर्गाच्या पद्धतीचे बरेवाईट तिच्यावरच ठरते. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि ती परीक्षकासमोर, माणसाशी बोलून द्यायची असते. संभाषण रेकॉर्ड होते. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे घर, काम, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळते, तयारीला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून जरा व्यापक चर्चा होते, पुन्हा चार-पाच मिनिटे. गुण चार निकषांवर दिले जातात आणि चारींचे वजन सारखे असते: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. मोघम बोलण्याला यात वेगळे गुण नाहीत. त्याचा उपयोग होतो तो आडवाटेने: शब्द शोधत थांबणे कमी झाले की ओघ सुधारतो आणि न आठवणाऱ्या वस्तूचे वर्णन जमले की शब्दसंपत्तीच्या निकषातील, दुसऱ्या शब्दांत सांगण्याचे कौशल्य दिसते. वर्गात हा फरक कधीच नीट सांगितला गेला नाही. तेथील एकूण सूर असा होता की ‘सॉर्ट ऑफ’ म्हटले की परीक्षक खूश होऊन अर्धा बँड वाढवतो.

या गैरसमजाचे मूळ वर्गाच्या पुस्तिकेत आहे. चाळीस झेरॉक्स पानांच्या त्या पुस्तिकेत एकशे बारा वाक्प्रयोग आहेत आणि सरांचा आग्रह असतो की दुसऱ्या भागाच्या दोन मिनिटांत त्यांतले निदान सहा यावेत. पहिली पाच पाने खरोखर उपयोगी आहेत. त्यांत आकडे ढोबळ करण्याचे साधे मार्ग आहेत, जसे ‘अबाउट ॲन आवर’, ‘ट्वेंटी ऑर सो’, ‘अ कपल ऑफ डेज’, ‘जस्ट अंडर अ हंड्रेड’. यादी सोडून देण्याचे मार्ग आहेत. आणि ठामपणा सैल करणारे ‘अ बिट’, ‘काइंड ऑफ’, ‘आय सपोज’ आहेत. पुढे मात्र पुस्तिका वाहवत जाते. विलायतेत आजीच्या तोंडी शोभतील असे ‘थिंगमाजिग’ आणि ‘व्हॉट्सिट’ यांच्यासारखे, नाव न आठवणाऱ्या वस्तूसाठी वापरायचे शब्द सहावी-सातवी पाने भरून आहेत. आमच्यातील एका मुलाला ‘तुमच्या भागातील जुने घर’ असे कार्ड आले. त्याने आजोळच्या घराचे वर्णन सुरू केले आणि सोप्याला थिंगमाजिग, राजांगणाला थिंगमाजिग, तुळशीवृंदावनाला थिंगमाजिग असे म्हणत तो चौथ्या थिंगमाजिगपाशी स्वतःच हसू लागला. सरांनी त्याच्या वहीत ‘गुड यूज ऑफ व्हेग लँग्वेज’ असा शेरा दिला. त्या घरात काय होते ते आम्हा सोळा जणांपैकी एकालाही कळले नव्हते.

मोघमपणा केव्हा चालतो, याचे उत्तर खरे तर आपल्याला मराठीत आधीच ठाऊक असते आणि वर्गाने तेथूनच सुरुवात करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ‘वगैरे’ कधीही नुसते म्हणत नाही. ‘बाजारातून नारळ, मिरच्या वगैरे आणले’ असे म्हटले की ऐकणारा उरलेली पिशवी स्वतः भरतो, कारण पहिल्या दोन नावांनी त्याला पिशवी कसली ते कळलेले असते. ‘बाजारातून वगैरे आणले’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतल्या ‘अँड थिंग्ज लाइक दॅट’ला हाच नियम तंतोतंत लागू आहे: आधी दोन नेमक्या गोष्टी, मग शेपूट. तसेच ‘चहाबिहा घेणार का?’ या विचारण्यात जी मोकळीक असते, की चहा नको तर सरबत घ्या आणि काहीच नको असेल तरी राग नाही, ती इंग्रजीत ‘टी ऑर समथिंग’ने येते. आपण ‘लालसर’ म्हणतो तेथे ते ‘रेडिश’ म्हणतात आणि तेच ‘इश’ पुढे घड्याळालाही लावतात, ‘सेव्हन-इश’, म्हणजे सातच्या सुमारास. आमच्याकडे कोकणीत ‘इल्लें’ म्हणजे थोडे आणि ‘इल्लेंशें’ म्हणजे अगदी थोडेसे. घरात दिवसभर हा ‘शें’ वापरणाऱ्या माणसाला ‘इश’ परका वाटण्याचे कारण नाही. पण पुस्तिकेत या कशाचाही उल्लेख नाही. त्यामुळे जी गोष्ट ओळखीची म्हणून यायला हवी ती पाठांतर म्हणून येते.

अर्थात मराठीवरून थेट उडी मारली की पाय घसरतो, अशाही जागा आहेत, आणि त्यांतील एक वर्गात फार चांगली शिकवली गेली, हे नमूद केले पाहिजे. आपण ‘दहा-बारा माणसे’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘टेन-ट्वेल्व्ह पीपल’ म्हणून जातो. इंग्रजीत तेथे ‘ऑर’ लागतो, ‘टेन ऑर ट्वेल्व्ह’. ‘एखाददुसरा’साठी ‘वन ऑर टू’, ‘दोन-तीन’साठी ‘टू ऑर थ्री’. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण मी स्वतः अकरा वर्षे डॉक्टरांशी ‘टू-थ्री टाइम्स’ असेच बोलत आले आणि रुग्णालयात सगळेच तसे बोलत असल्यामुळे कोणी टोकले नव्हते. ‘बुक्स अँड ऑल’ यातील ‘अँड ऑल’वर मात्र सरांनी पूर्ण बंदी घातली होती, ती मला पटली नाही. भारतातल्या इंग्रजीत तो रुळलेला प्रयोग आहे आणि तो एकदा तोंडून गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच येऊ लागला की मात्र शब्दसंपत्ती तोकडी दिसते. सरांनी त्याच्या जागी ‘अँड स्टफ’ दिला आणि मग मुले प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘अँड स्टफ’ म्हणू लागली.

चौथ्या आठवड्यात घरच्या काही कारणाने सर आठ दिवस आले नाहीत आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. त्या चार सत्रांसाठी मी ८,५०० रुपये पुन्हा देईन. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तिका मिटवून ठेवायला सांगितली, माझे एक रेकॉर्डिंग लावले आणि एकच वाक्य तीनदा ऐकवले. मी ‘आय बाय व्हेजिटेबल्स, फिश, अँड थिंग्ज लाइक दॅट’ म्हणत होते आणि त्यात ‘थिंग्ज’ही ठासून, ‘लाइक’ही ठासून, ‘दॅट’ तर सर्वांत ठासून. मग त्यांनी विचारले, “आता हेच मराठीत म्हणा.” मी म्हटले, “भाजी, मासळी वगैरे घेते.” “यात सगळ्यात हळू काय म्हटलंत?” ‘वगैरे’ मी जवळजवळ गिळले होते. त्यांनी फळ्यावर दोन उंच रेघा काढल्या, भाजी आणि मासळीच्या, आणि त्यांच्यापुढे जमिनीलगत सरपटणारी एक लांब आडवी रेघ. इंग्रजीतले शेपूटही असेच सरपटत, घाईने, उतरत्या आवाजात जायला हवे. ‘सॉर्ट ऑफ’मधील ‘ऑफ’ नावापुरताच उरतो, ‘काइंड ऑफ’चा ‘काइंडा’ होतो. तीन आठवडे आम्ही हे वाक्प्रयोग निवेदनासारखे, प्रत्येक शब्द सुटा आणि खणखणीत म्हणत होतो. त्यामुळे जो भाग ऐकणाऱ्याने ओलांडून पुढे जायचा तोच त्याच्या कानावर सर्वांत जोरात आदळत होता. पाठ केलेले बोलणे ओळखू येते ते बहुधा येथेच.

त्या संध्याकाळी आम्ही दीड तास एवढेच केले. खालून पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत गेला, तो माझ्या फोनवरील रेकॉर्डिंगमध्ये अजून आहे. त्याच्या अलीकडचे माझे वाक्य आणि पलीकडचे वाक्य ऐकले तर दोन वेगळ्या बायका बोलत आहेत असे वाटते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला कार्ड दिले: तुमच्या घरातील एखाद्या सणाची सजावट. मी माटोळी निवडली. चतुर्थीला गणपतीवर छताला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली फळे, फुले, रानातल्या वेली, इतके सांगेपर्यंत ठीक होते. मग मी कांगल्यापाशी आले आणि थांबले. कांगल्याला इंग्रजीत काय म्हणतात? घागऱ्यांना काय म्हणतात? तोरिंगाला? मॅडमनी नंतर घड्याळ दाखवले. मी आठ सेकंद गप्प होते आणि दोन मिनिटांच्या बोलण्यात आठ सेकंद हा फार मोठा खड्डा असतो. नर्सच्या स्वभावाप्रमाणे मला नेमके नाव हवे होते, आणि ते मिळाले असते तरी समोरच्या परीक्षकाला त्या वनस्पतिशास्त्रीय नावाचा काडीचाही उपयोग नव्हता. मॅडमचा सल्ला असा होता की एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणा आणि बाकीची सोडून द्या. दुसऱ्या वेळी मी म्हटले की नारळ असतात, सुपारीचे घोस असतात आणि रानातून आणलेली ‘ऑल सॉर्ट्स ऑफ वाइल्ड फ्रूट्स अँड सीड पॉड्स, दॅट काइंड ऑफ थिंग’ असतात. त्यांतल्या एका शेंगेला आम्ही घागरी म्हणतो, कारण ती वाळली की आत बिया खुळखुळतात, आणि लहानपणी आम्ही ती कानाशी धरून हलवत असू. तो खुळखुळाट मला सांगता आला, तोही केवळ बाकी वीस नावांचा नाद सोडल्यामुळे. मोघमपणाचा खरा उपयोग मला त्या क्षणी कळला: जे सांगण्यासारखे आहे त्याला जागा करून देण्यासाठी बाकीचे आटोपते घ्यायचे. माझ्या खऱ्या परीक्षेत माटोळी आली नाही, पण जे कार्ड आले त्यात हाच हिशेब कामी आला.

तिसऱ्या भागासाठी लागणारा मोघमपणा याहून वेगळा आहे, आणि वर्गाने त्याला जेमतेम अर्धे सत्र दिले. तरुण पिढी परंपरा का सोडत आहे, असा प्रश्न आला की तेथे ‘अँड स्टफ’ कामाचे नाही. ‘टेंड टू’, ‘ऑन द होल’, ‘टू सम एक्स्टेंट’ असे, विधानाची धार कमी करणारे शब्द लागतात, कारण सगळेच तरुण सोडतात असे म्हणणे खोटे ठरेल. आपण मराठीत ‘बहुधा’, ‘एका अर्थी’, ‘तसे पाहिले तर’ म्हणतो तोच हा प्रकार. मला हा भाग घरी स्वतःच करावा लागला.

आता ज्या दोन गोष्टींमुळे मला वर्गाचा खरा राग आला, त्या लिहिते. पहिली म्हणजे हा मोघमपणा कोठे चालणार नाही, हे तेथे एकदाही सांगितले गेले नाही. वर्ग फक्त स्पीकिंगचा असला तरी येणारी मुले चारही परीक्षा देणारी असतात. रायटिंगमध्ये तासाभरात दीडशे शब्दांचे एक आणि अडीचशे शब्दांचे एक लेखन करायचे असते. ॲकॅडेमिक परीक्षेत पहिले लेखन आलेख किंवा तक्ता वाचून लिहायचे असते. तेथे ‘जस्ट अंडर’ आणि ‘रफली’ उत्तम चालतात, पण त्यांच्या शेजारी प्रत्यक्ष आकडा हवा असतो आणि ‘थिंग्ज’, ‘स्टफ’ यांना निबंधात थारा नसतो. आमच्या बॅचमधील दोघांनी पाचव्या आठवड्यात आपले सराव निबंध दाखवले, तेव्हा एकाच्या निबंधात ‘पोल्यूशन अँड स्टफ’ होते. जीभ वळवण्यासाठी दिलेली सवय हातात उतरली होती आणि ती सोडवायला आता वेगळी फी लागणार होती.

दुसरी गोष्ट माझ्या व्यवसायाशी संबंधित असल्याने मी ती जास्त मनाला लावून घेतली. आमच्यातील एक सिस्टर आयईएलटीएसऐवजी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवकांसाठी असलेल्या परीक्षेची तयारी करत होती. त्या परीक्षेत प्रत्येकी पाचेक मिनिटांचे दोन प्रसंग असतात, समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि आपण आपल्या खऱ्या भूमिकेत बोलायचे असते. तिला कार्यालयात सांगण्यात आले होते की पुस्तिका तीच चालेल. वर्गातील सरावात तिने रुग्णाला सांगितले की या गोळ्या ‘अ कपल ऑफ टाइम्स अ डे ऑर समथिंग’ घ्या. मी जागेवरून ओरडलेच. गोळी किती, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, यात परिचारिकेने मोघम बोलणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. त्याच प्रसंगात ‘इट माइट स्टिंग अ बिट’ हे मात्र योग्य, कारण सुई किती दुखेल ते कोणालाच मोजून सांगता येत नाही आणि ‘अ बिट’मध्ये धीर देण्याचा सूर आहे. आम्ही वॉर्डात रोज हेच करतो: “मावशी, थोडं टोचेल हं” असे मोघम म्हणतो आणि लगेच नातेवाइकाला “रात्री आठला एक, सकाळी आठला एक” असे नेमके सांगतो. हा फरक शिकवण्यासारखा होता. सरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, मान डोलावली आणि पुढच्या जोडीला उभे केले.

व्यवस्थेच्या तक्रारी थोडक्यात. एकट्याने द्यायच्या सहा सराव परीक्षांचे आश्वासन होते, माझ्या चार झाल्या; उरलेल्या दोनविषयी विचारल्यावर ‘नंतर केव्हातरी, एक-दोन आठवड्यांत’ असे उत्तर मिळाले आणि विषय लक्षात घेता त्या उत्तराची मला गंमतही वाटली. सराव परीक्षा हॉलच्या कोपऱ्यातच घेतात, त्यामुळे शेजारी दुसऱ्याची परीक्षा चालू असते. झालेल्या चारही परीक्षा मात्र पूर्ण तेरा-चौदा मिनिटांच्या होत्या, वेळ लावून घेतल्या होत्या आणि रेकॉर्डिंग त्याच रात्री फोनवर येत असे. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

कोणी जावे? इंग्रजी व्याकरण बऱ्यापैकी पक्के आहे, पण बोलताना प्रत्येक शब्द तोलत बसण्याची सवय आहे, अशा माणसाला येथे फायदा होईल. शिक्षक, हिशेबनीस, बँकेतील माणसे आणि आम्ही सिस्टर या गटात मोडतो. ज्यांचे वाक्यच अजून उभे राहत नाही त्यांनी येथे पैसे घालू नयेत, कारण अर्धे वाक्य आणि त्याला ‘ऑर समथिंग’ची टेकू दिली की आतली पोकळी अधिकच दिसते. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: बॅचमध्ये आत्ता नेमके किती जण आहेत, सराव परीक्षांच्या तारखा लिहून मिळतील का, आणि त्या मॅडमची सत्रे आहेत का. तिसऱ्याचे उत्तर ‘बघू’ असे आले तर शुल्कात घासाघीस करायला हरकत नाही. माझ्यानंतरच्या बॅचमधील एकीला हजार रुपये कमी झाले.

पुस्तिका आता आमच्याच वॉर्डातील एका ज्युनिअर सिस्टरकडे आहे. देताना मी पहिली पाच पाने मोकळी ठेवली आणि बाकीची पस्तीस स्टेपल करून टाकली.